१८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट आणि व्हॅनमधली टपली

पत्र: ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहते. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, अंगाने अगदीच काडी. शाळेच्या व्हॅनमध्ये सहावीतली दोन मुलं त्याला रोज टपल्या मारतात, डबा काढून घेतात, मागच्या आठवड्यात तर चष्म्याची काडी मोडली. व्हॅनवाले काका म्हणतात मुलं आहेत, चालायचंच. आमच्या इथे सुपरमार्केटच्या वर एमएमएचा, म्हणजे गुद्दे, लाथा, कुस्तीसारख्या पकडी सगळं एकत्र असतं त्या लढतीचा, क्लास निघालाय, ६ ते १२ वयाची बॅच आहे, वर्षाचे एकदम भरले तर २८,००० रुपये, आणि बोर्डवरच लिहिलंय १८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट. सर म्हणाले घाबरट मुलांचे आम्ही वाघ करतो, फक्त पालकांनी आत बसायचं नाही, मुलं लाडावतात. सासरे कऱ्हाडचे, ते म्हणतात असल्या मारामाऱ्या नकोत, तालमीत घाला. मिस्टर म्हणतात तुम्हीच ठरवा. शेजारची म्हणते रक्त काढतात गं एकमेकांचं. आणि तिथेच रविवारी बायकांसाठी २ तासांचं सेल्फ डिफेन्स वर्कशॉप आहे. मी ३७ ची, शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते, स्कूटीवर एकटी येते, रस्त्यात एक पट्टा फार अंधारा आहे. २ तासांत काय येतं? का मीही मोठ्यांच्या बॅचला जाऊ, या वयात लोक हसतील का?

अगं, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चष्म्याच्या काडीपाशीच अडकले. क्लास, बेल्ट, सासरे, वर्कशॉप, सगळ्यावर बोलते, पण आधी व्हॅन, कारण तू विचारलंयस क्लासबद्दल आणि मला वाटतं तुझ्या पोटात तुटतंय ते व्हॅनवरून.

नव्या वाचकांना सांगते, मी कॉलेजात ज्युडो खेळले, मग १७ वर्षं मुलांना शिकवलं, आता गुडघे शिकवू देत नाहीत म्हणून इथे लिहिते. त्या १७ वर्षांत माझ्याकडे किती तरी मुलं याच कारणाने आली, आईबाप हात धरून आणायचे आणि म्हणायचे मॅडम, याला असं काहीतरी शिकवा की कोणी हातच लावणार नाही, आणि मी सुरुवातीला छाती फुगवून हो म्हणायचे. आता म्हणणार नाही. तूच हिशोब कर, चौथीतलं काडी पोर एक आणि सहावीतली दोन, एकेकजण याच्यापेक्षा आठ-दहा किलोने तरी जड असणार, आणि जागा कुठली तर व्हॅन, जिथे धड उभंसुद्धा राहता येत नाही. तिथे कसलं एमएमए नि कसलं काय. आणि समज सहा महिन्यांनी याने एकाला खरंच हाणलं, तर शाळेतून फोन तुला येणार बरं का, आधीच्या सहा महिन्यांच्या टपल्या कोणाच्या वहीत नसतात, हाणलेला गुद्दा मात्र सगळ्यांना दिसतो.

मला यात सगळ्यात खुपतं ते वेगळंच. मार खाणाऱ्याला क्लासला घातलं आणि मारणाऱ्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही, की पोर आपलं आपण समजून घेतं, खोट माझ्यातच आहे. एका मुलाने मला विचारलं होतं, मॅडम मी अजून नीट शिकलो नाही म्हणून मारतात का? काय उत्तर देणार सांग.

तर हे काम मोठ्यांचं आणि याच आठवड्यातलं. व्हॅनकाकांशी बोलून झालं ना, आता लेखी. शाळेला मेल कर, तारखा घाल, काय झालं ते दोन-दोन ओळींत लिही, मोडलेल्या चष्म्याचा फोटो जोड, आणि "कृपया लक्ष द्यावे" असलं गुळमुळीत नको, काय पाहिजे ते नेमकं माग, माझा मुलगा पुढच्या सीटवर, ती दोघं वेगळी, आणि व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून एक मोठं माणूस. आपल्याकडे २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, त्यात शाळेने परिवहन समिती ठेवायची असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधीही त्यात असतो. "हा विषय परिवहन समितीपुढे ठेवावा" एवढं एक वाक्य मेलच्या शेवटी टाक आणि बघ फोन कसा येतो. शाळा म्हणेल व्हॅन आमची नाही, खाजगी आहे, हे त्यांचं पाठ केलेलं वाक्य आहे, त्यावर तू म्हण की व्हॅन नसेल तुमची, मुलं तर तिन्ही तुमचीच आहेत. त्या मुलांच्या घरी मात्र एकदम जाऊन भांडू नकोस, दारात उभं राहून केलेल्या भांडणात दोन्हीकडचे आईबाप आपापल्या लेकराचे वकील होतात आणि विषय तिथेच संपतो. आणि लेकाला सांग, हे मी बघतेय, तुझं काम फक्त मला रोज खरं सांगायचं. बस्स.

आता क्लास. लाव. पण व्हॅनचा इलाज म्हणून नको, त्याच्या अंगासाठी लाव.

काय मिळतं ते सांगते. माझ्याकडे पहिले दोन महिने मी मुलांना फक्त पडायला शिकवायचे. मागे पडताना हनुवटी छातीला, हात मॅटवर सपाट आपटायचा, तळहात टेकून अंग तोलायचं नाही, नाहीतर मनगट नाहीतर कॉलरबोन जातं. आईबाप कंटाळायचे, मॅडम पडायलाच शिकवताय का, आणि मग कधीतरी पोर सायकलवरून पडायचं आणि नुसतं धूळ झटकून उठायचं, तेव्हा पेढे यायचे. दुसरी गोष्ट, कोणीतरी जड पोर अंगावर बसलंय, हलता येत नाहीये, आणि तरी श्वास घ्यायचा, रडायचं नाही, बरगडीपाशी जागा करायची, गुडघा आत घालायचा, सुटायचं. हे शंभरदा झालं ना की भीती जागेवर असते पण पोर गोठत नाही. उभं राहायची ढब बदलते, नजर वर राहते, आवाज जरा मोठा येतो. टपली मारणारी पोरं गिऱ्हाईक बघूनच निवडतात, त्यामुळे या ढबेचा उपयोग होतोच, पण त्याला वर्ष लागतं आणि तुझ्या लेकाला व्हॅनमध्ये उद्या सकाळी बसायचंय.

शेजारणीला काय सांगायचं? तिचं अगदीच चूक नाही. यूएफसी म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी, तिची पहिली स्पर्धा १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेनव्हरला झाली तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच, वजनी गटसुद्धा नव्हते, आणि लोकांना वाटलं आता बॉक्सर नाहीतर कोणी धिप्पाड गडी जिंकणार. जिंकला कोण, तर रॉयस ग्रेसी, ८० किलोचा, पांढऱ्या ड्रेसमधला किडकिडीत ब्राझिलियन, एका रात्रीत तिघांना हरवलं आणि फार गुद्दे न मारता, खाली पाडून, अंगाला चिकटून, पकडीत अडकवून. ही विद्या त्याच्या घराण्यात आली जपानी ज्युडोतून, जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली, त्यांच्या परंपरेतला माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला आणि तिथे ग्रेसी घराण्यातल्या पोरांना शिकवलं. आता मोठ्यांच्या एमएमएला नियम आहेत, वजनी गट आहेत, ५ मिनिटांचे राउंड आहेत, रेफ्री मध्ये पडतो. आपली पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकलेली पहिली भारतीय बाई झाली, तिची मूळ तयारी वुशू या चिनी मार्शल आर्टची. म्हणजे खेळ म्हणून हे आता चांगलं उभं राहिलंय. पण ती मोठी माणसं आहेत, आपल्या जबाबदारीवर डोक्यावर मार घेतात. ९ वर्षांच्या पोराचं तसं नाही.

म्हणून क्लासला पहिला प्रश्न एकच विचारायचा. मुलांच्या बॅचमध्ये डोक्यावर गुद्दे-लाथा चालतात का? "हेल्मेट घालतो ना" असं उत्तर आलं तर चप्पल घालून खाली ये. हेल्मेटने कातडी फाटत नाही, डोकं आपटल्यावर आत मेंदू हलतो तो हेल्मेटने थांबत नाही, आणि लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कोवळी, त्यामुळे हिसका जास्त बसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली मार्शल आर्टवर एक निवेदन काढलं, त्यात साध्या, अंगाला न लागणाऱ्या सरावाला हरकत नाही पण मुलांनी एमएमए खेळू नये असं सरळ म्हटलंय. माझं मत विचारशील तर चौदा-पंधरापर्यंत डोक्यावर एकही फटका नको, पॅडवर, बॅगवर हवे तेवढे मारू देत, पाडापाडी, पकडी भरपूर करू देत. काही कोच मला यावरून म्हातारी म्हणतात. म्हणू देत.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, माझ्याच हातून झालेलं सांगते. ११ वर्षांचा एक मुलगा सरावात डोक्यावर पडला, मी विचारलं काय रे, तो म्हणाला काही नाही मॅडम, पाच मिनिटं बसवला, पाणी दिलं आणि परत खेळायला लावला कारण जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर होती. संध्याकाळी आईचा फोन, दोनदा उलटी झाली आणि तोच तोच प्रश्न विचारतोय. रात्रभर हॉस्पिटलात ठेवला, सुदैवाने काही निघालं नाही, पण ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली आणि त्यानंतर माझा नियम, डोक्याला लागलं की त्या दिवशी खेळ बंद, पोर कितीही बरा आहे म्हणो, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत मॅटवर नाही. तुमच्या त्या सरांना विचार, डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता? कोचने आधीच हा विचार केला असेल तर लगेच सांगेल, नसेल तर हसेल.

बेल्ट. १८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट म्हणजे १८ महिन्यांत डॉक्टर. ब्राझिलियन जुजुत्सूत, म्हणजे त्या ग्रेसी घराण्याच्या विद्येत, मुलांचे बेल्टच वेगळे असतात, पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा मिळतो तो १६ पूर्ण झाल्यावर आणि ब्लॅकला किमान वय १९, बहुतेकांना तिथे पोचायला दहाएक वर्षं लागतात. कराटे-तायक्वांदोत मुलांना लवकर मिळतो पण तिथेही दीड वर्ष म्हणजे चेष्टा. आणि खुद्द एमएमएला असा सगळीकडे मानला जाणारा बेल्टच नाही, बेल्ट असतात ते ज्या कलांपासून ते बनलंय त्यांना, त्यामुळे बोर्डवरचा ब्लॅक बेल्ट कशाचा हे एकदा विचारच, मला पण कळव. खरं गणित दर तीन महिन्यांच्या परीक्षेत असतं, परीक्षा फी, बेल्टचे पैसे, सर्टिफिकेट, मग "नॅशनल" स्पर्धा जिथे आलेल्या प्रत्येकाला मेडल आणि एंट्री फी वेगळी. २८,००० च्या वर किती हे लिहून माग. आणि वर्षाचे एकदम भरू नकोस गं, पोरांचं तिसऱ्या महिन्यात मन उडतं हे क्लासवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, म्हणून तर ऑफर असते. महिन्याचे दे, महाग पडलं तरी.

पालकांनी आत बसायचं नाही, हे मात्र मला बिलकुल पटलेलं नाही. लाडावतात हे खरं आहे, माझ्याकडेही आया कडेने "अरे पकड त्याला" ओरडायच्या आणि मी त्यांना गप्प बसवायचे, पण बसवायचे, बाहेर काढायचे नाही. हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे, कोचला हात लावावाच लागतो, कंबर वळवून दाखवावी लागते, म्हणूनच जागा उघडी पाहिजे, काच पाहिजे, खुर्ची पाहिजे, कोणीही कधीही डोकावू शकलं पाहिजे. चांगला कोच आधी स्वतःच्या अंगावर नाहीतर मदतनीसाच्या अंगावर डाव दाखवतो, मग पोराला विचारतो हात लावू का, आणि ते सगळ्यांसमोर. एकट्या पोराला थांबवून घेणं, रात्री मेसेज करणं, स्पर्धेला नेऊन एकाच खोलीत झोपणं, यातलं काहीही दिसलं तर क्लास तिथेच बंद, आणि प्रकार पुढे गेला असेल तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, २०१२ चा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. सर तसे असतील असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. दार बंद ठेवणाऱ्या क्लासमध्ये मी माझं पोर ठेवलं नसतं, इतकंच.

तू सरांना म्हण की एक आठवडा ट्रायल पाहिजे आणि मी कोपऱ्यात बसणार, तोंड उघडणार नाही. मग नुसतं बघत बस. पोरं रडली की सर काय करतात, "वाघ रडतो का" म्हणतात का खाली बसून विचारतात. जोड्या वजन बघून लावतात का ज्याला जो सापडेल तो. पोराने समोरच्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर दोनदा थाप मारली, म्हणजे टॅप केला, सोड म्हणायची ती खूण, की समोरचा त्याच क्षणी सोडतो का, आणि नाही सोडलं तर सर किती चिडतात, मला विचारशील तर अख्ख्या क्लासची परीक्षा या एका गोष्टीत होते. गळा आवळायचे आणि पायाचा सांधा पिळायचे डाव एवढ्याशा पोरांना शिकवत असतील तर नको. स्पर्धेसाठी वजन कमी करा, पाणी पिऊ नका असं पोरांना सांगताना ऐकलंस तर मला पुढचं काही विचारूही नकोस. आणि मॅट पुसतात का ते बघ, रोज, औषध घालून. मॅटवर चप्पल घालून फिरणारे आणि संडासात अनवाणी जाणारे दिसले की समज महिन्याभरात घरात गजकर्ण येणार. आलंच तर मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणू नकोस, त्या मिक्स ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा, आणि बरं होईपर्यंत क्लास नाही.

आता सासरे. बाई गं, तुझे सासरे या सगळ्यात एकटेच मुद्द्याचं बोलतायत. कऱ्हाडचे म्हणजे गोळेश्वर त्यांना काय लांब, खाशाबा जाधवांचं गाव, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्यांना सांग की दोन्ही पाय धरून पाडायच्या ज्या डावाला एमएमएवाले डबल लेग म्हणतात आणि त्यासाठी हजारो रुपये घेतात तो आपला दुहेरी पट आहे, सिंगल लेग म्हणजे एकेरी पट, बघ कशी कळी खुलते. कुस्तीत डोक्यावर गुद्दा नाही, हौद्यातली माती मऊ, फी बहुतेक ठिकाणी नावालाच, आणि दम, मान, पाठ जी बनते ती कुठल्या एसी क्लासमध्ये बनत नाही. जवळ एखादी तालीम असेल जिथे वस्ताद लहान पोरं घेतात आणि संध्याकाळची वेगळी बॅच आहे, तर माझं पहिलं मत तिलाच. पण तालीम आहे म्हणून डोळे झाकून नको, वरचं सगळं तिथेही बघ, मोठ्या पैलवानांत एकटं लहान पोर असेल तर त्याची फरफटच होते, आणि वस्तादाच्या काठीचं कौतुक मला कधीच नव्हतं. ज्युडोचा क्लास सापडला तर तोही चालेल, हे मी पक्षपातीपणाने म्हणते. सासऱ्यांना ट्रायलला बरोबर घेऊन जा, ते बसतील कोपऱ्यात, त्यांना कोणी बाहेर काढून दाखवावं.

उरलीस तू. २ तासांच्या वर्कशॉपचं सांगते, जा, मजा येईल, मैत्रिणीला ने, पण तिथून बाहेर पडताना आता मी कोणालाही लोळवेन असं वाटत असेल तर ते वर्कशॉप वाईट होतं असं समज. बोटांत किल्ली धरून मारा, असं मारा की तो आडवा, हे सगळं न प्रतिकार करणाऱ्या पार्टनरवर फार छान होतं. मनगट सोडवणं आठवड्याभरात विसरतं. राहतं काय, तर आवाज. जोरात, पोटातून, "ए! लांब हो!" असं ओरडणं, आपल्या बायकांना हे खरंच येत नाही गं, मी चाळीस बायकांना एका हॉलमध्ये ओरडायला लावलं तर अर्ध्या हसतात आणि एखादी रडते. ते जमलं तरी ते २ तास वसूल.

कॅनडात तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर एक अभ्यास झाला, २०१५ ला छापून आला. काही मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण पत्रकवाल्या मुलींत ९.८ टक्के आणि शिकलेल्या मुलींत ५.२. आणि त्या १२ तासांत हाणामारी थोडीच होती, जास्त वेळ गेला तो ओळखीचा माणूस कुठे हद्द ओलांडतोय हे वेळेत ओळखण्यात आणि "त्याला वाईट वाटेल" हा आपलाच संकोच मोडण्यात. आपल्याकडेही दर वर्षीच्या सरकारी आकड्यांत बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरच असतं. आपण मात्र तयारी करतो ती अंधारातल्या अनोळखी माणसाची. म्हणून वर्कशॉपवाल्यांना विचार, ऑफिसातला माणूस, नातेवाईक, क्लासचा सर, यांच्याबद्दल काही शिकवता का?

तुझा तो अंधारा पट्टा मी विसरले नाहीये. साडेदहाला शिफ्ट सुटते ना? महाराष्ट्राचा दुकाने-आस्थापना कायदा, २०१७ चा, त्यात रात्री साडेनऊनंतर बाईने काम करायचं तर तिची संमती पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची. तुझी कंपनी या कायद्यात बसण्याएवढी मोठी असणारच, मग स्कूटी कशाला? एचआरला मेल टाक, व्हॅनसारखाच, लेखी. बरोबर दोघी-तिघींच्या सह्या घे म्हणजे एकटी पडणार नाहीस. आणि पट्ट्यावरच्या दिव्यासाठी महापालिकेत तक्रार कर, नगरसेवकाच्या मागे लाग, दिवा लागला की सगळ्यांसाठीच लागतो. मोबाईलमध्ये ११२ चं सेटिंग आजच बघून ठेव, काही फोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, काहींवर पाचदा दाबलं की लागतो, काहींवर वेगळं आहे.

आणि कधी हात उचलावाच लागला तर घाबरू नकोस. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वतःचा बचाव करायच्या हक्काबद्दल आहेत. एकच, बचावाला लागेल तेवढंच. तो पळाला, पडला, की तूही पळ, वर जाऊन चार लाथा घालायला थांबलीस तर तो बचाव राहत नाही. सुटायचं आणि गर्दी, उजेड, दुकान गाठायचं.

मोठ्यांच्या बॅचला जा की! लोक हसतील का म्हणालीस, पहिल्या महिन्यात सगळे इतके धापा टाकत असतात की हसायला दम कुणाला असतो. ३७ काहीच नाही. फक्त सरांना आधी सांग की गुडघा, कंबर, बाळंतपणं, काय काय आहे ते. उड्या मारताना लघवीचा थेंब जातो, दोन मुलांच्या आयांना तर बऱ्याचदा, लाजून क्लास सोडणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्याला फिजिओथेरपीत व्यायाम आहेत, जातं ते. जोडीला घेताना बाई नाहीतर शांत जुना विद्यार्थी माग, सगळ्यात धोक्याचा असतो तो पंचविशीतला नवा मुलगा ज्याला बाईकडून हरायचं नसतं. थाप लवकर मारायची, सांधा दुखेपर्यंत थांबायचं नाही, सोमवारी ऑफिसला जायचंय.

जाताना दोघांचीही नखं काप, हाताची पायाची दोन्ही. लेकाचा चष्मा काढून सरांच्या टेबलावर, डब्यात घालून. तुझं मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या घरी, आणि जोडवी आठवणीने काढ, मॅटच्या सांध्यात अडकून बोट मोडलेली बाई मी स्वतः दवाखान्यात नेलीय आणि ती सासूला काय सांगू म्हणून रडत होती, बोटाचं काही नाही. शाळेचं उत्तर आलं की मला लिही, नाही आलं तर आठ दिवसांनी नक्कीच लिही, दुसरा मेल आपण मिळून करू.